बंदरावरच्या दवाखान्यातले खांदे

कंपाउंडरकी करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, पेशंटच घेऊन येतात. रत्नागिरीच्या बंदराजवळ एका डॉक्टरांकडे मी दहा-बारा वर्षं औषधं घोटली. ताप-खोकल्यातलं आता काही आठवत नाही. खांदे मात्र एकूणएक लक्षात आहेत, कारण दर वेळी माझी दातखीळ बसायची.

पहिल्याच दिवशीचं सांगतो. आगबोटीतून उतारू किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, घेताना पडाव हलला आणि गणू खलाशाचा खांदा निखळला. हात लोंबत होता, चेहरा पांढराफटक. डॉक्टरांनी त्याला जमिनीवर निजवलं, शेजारी बसले, बूट काढला आणि त्याच्या काखेत पाय रोवून मनगट ओढायला लागले. मला वाटलं, डॉक्टर पेशंटला लाथच घालतायत! तेवढ्यात ‘खट्’ आवाज झाला.

पुढचं मला गणूनेच सांगितलं. तो उठून बसला तेव्हा मी आडवा होतो, आणि डॉक्टर त्याला म्हणत होते, "आता चांगल्या हाताने कंपाउंडरच्या तोंडावर पाणी मार."

खांदा इतका सहज निखळतो कसा, हे डॉक्टर चहाची बशी घेऊन समजावत. "मांडीचं हाड खोल वाटीत बसतं. दंडाचं मात्र बशीत लिंबू ठेवल्यासारखं. म्हणून हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच घसरतो."

विहिरीवर पडून खांदा निखळलेल्या एका काकूंना हे ऐकून धक्काच बसला. "म्हणजे इतकी वर्षं मी बशीच्या भरवशावर पाणी शेंदलं? देवाला एक वाटी जड झाली होती?"

"वाटी दिली असती तर अंबाडा कसा घातला असतात, काकू?"

त्या दिवशी काकूंचा अंबाडा सुनेने घातला होता, आणि तो पार कानावर आला होता.

एकदा शाळेतले एक मास्तर आखडलेला उजवा खांदा घेऊन आले. सोबत दुसरे मास्तर होते.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"परवापासून."

"परवा कसले?" दुसरे मास्तर म्हणाले. "गणपतीत तुम्ही तारीख फळ्याच्या वरच्या टोकाला लिहीत होतात. दिवाळीनंतर मधोमध. आता तर मागच्या बाकांवरून दिसतही नाही."

मास्तर हादरले. "आणि मला कोणी बोललं नाही?"

"आम्हाला वाटलं, पोरांना उतरवून घ्यायला सोपं जावं म्हणून."

पण मी खरा हादरलो तो एका बाळंतपणात. दिवाळीच्या सुमारास एका भर दुपारी जवळच्या वाडीतून बोलावणं आलं. आम्ही पोचलो आणि बाळाचं डोकं बाहेर आलं, पण खांदे आत अडकले. मी गरम पाणी घेऊन दाराबाहेर उभा. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "हाड मोडावं लागणार." मग काडी मोडल्यासारखा बारीक आवाज. खांद्याला छातीशी जोडणारं बाळाचं हाड त्यांनी बोटाने मोडलं होतं. माझ्या हातातलं पाणी सांडलं. थोड्या वेळाने रडणं ऐकू आलं.

सासू दारातूनच ओरडली. "जन्मायच्या आधीच पोर पांगळं केलंत?"

डॉक्टरांनी बाळाचा हात छातीशी बांधला.

सासूने मुंबईला मुलाला कळवलं. गिरणीतून रजा मिळेपर्यंत शिमगा उजाडला. तो बोटीतून उतरून घरी गेला, बायको-पोराला घेतलं आणि सरळ दवाखान्यात आला.

"माझ्या पोराचं हाड मोडणारा डॉक्टर कोण?"

"मी," डॉक्टर म्हणाले. "बसा. कुठल्या बाजूचं मोडलं ते तुम्हीच बघा."

त्याने बाळाला टेबलावर निजवलं. दोन्ही खांदे चाचपले. दोन्ही हात वर करून पाहिले. बाळ खिदळत होतं. त्याने पुन्हा चाचपलं. मग तो हळूच म्हणाला, "उजव्या?"

बायको म्हणाली, "डाव्या हो."