मामांची अबोली मी सरकवली

मंडळी, आज पवईला तलावावर जायला निघालो होतो, पण नेहमीसारखा भरकटलो आणि घाटकोपरला मामांकडे पोचलो.

खुब्याच्या ऑपरेशननंतर मामा नुसते झोपून आहेत. डॉक्टर सांगतात, उठून बसा. मामा ऐकतच नाहीत. मामीने मासळीवाल्याकडचं थर्माकोलचं खोकं आणून त्यात अबोली लावलीय आणि मामांना पलंगावरून दिसेल अशी गॅलरीत ठेवलीय. आता फुलंही आलीत, एकदम झकास.

मला वाटलं, झाडाला ऊन कमी पडतंय. दिलं खोकं कोपऱ्यात सरकवून.

आतून मामांचा आवाज आला, "अबोली खंय गेली रे माझी?"

"उन्हात ठेवली, मामा!"

"तुका कोणी सांगल्यान रे हात लावूक?"

वाट लागली म्हणून धावत आत गेलो, तर मामा कोपरावर रेटा देऊन चक्क उठून बसलेले! मान लांब करून गॅलरीत बघत होते. फुलं दिसली तसा चेहरा निवळला.

मी खोकं परत जागेवर ठेवायला निघालो, तर मामीने हात धरला. हळूच म्हणाली, "असू दे तिथेच. उद्या अजून थोडं सरकवू."

पवई राहिलीच यार. तुमच्या घरात आहे का असं कोणाला उठवून बसवणारं झाड?