गुण्याखालचा उजेड

शाळेत माझं नाव कोणी घेत नाही. मी 'टेक्निकलवाले सर'. पंखा फिरायचा थांबला, नळ गळायला लागला, मुख्याध्यापकांच्या केबिनचं कुलूप अडकलं, की शिपाई वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहतो आणि मी हातातलं काम टाकून निघतो. गणिताचे सर वर्षानुवर्षं मला एकच वाक्य ऐकवत आले आहेत, "तुमचं बरं आहे, वह्या तपासायच्या नाहीत." त्यांच्या घरचा मिक्सर मी तीनदा दुरुस्त केला. तेवढा वेळ मात्र माझ्याइतका विद्वान माणूस त्यांना अख्ख्या पेणमध्ये सापडत नाही.

मी राहायला रोह्याला. सकाळच्या गाडीने पेणला यायचं, संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. पूर्वी रोह्यातल्याच एका शाळेत होतो. तिथलं वर्कशॉप बंद करून त्या खोलीत कॉम्प्युटर आणले, मग कॉम्प्युटर बंद पडले, आणि ते सुरू करायला कोणीतरी टेक्निकलवाला हवा होता असं सगळ्यांच्या लक्षात आलं. तोवर माझी पेणला बदली झाली होती.

टेक्निकल विषय कोणाला द्यायचा याचं आमच्याकडे शास्त्र आहे. हुशार मुलं सेमी इंग्लिशला जातात, बऱ्यापैकी मुलं त्यांच्या मागून जातात, आणि मग जी उरतात त्यांना हातात कानस देऊन माझ्याकडे पाठवतात. एकदा एक आई हात जोडून मला म्हणाली होती, "सर, पोरगा हुशार नाय, पन एवढा पन वाईट नाय वो." मी तिला पाणी दिलं आणि तिची समजूत काढली. घरात वेल्डर बोलवायचा झाला की हीच माणसं चार-चार दिवस त्याच्या मागे फिरतात, फोन उचलत नाही म्हणून रडतात, आणि तो आला की त्याला 'मिस्त्री' म्हणून चहा पाजतात. पोराला ते काम शिकवायला मात्र लाज वाटते.

माझ्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात मोठा मान गुण्याला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधं हत्यार, एल आकारात जोडलेल्या दोन पट्ट्या. कानशीने घासलेल्या लोखंडावर तो टेकवायचा, खिडकीकडे धरायचा आणि एक डोळा मिटून बघायचं. मधून उजेड दिसला तर काम वाकडं. बाकीची शाळा पोरांनी उजेड पाडावा म्हणून घसा कोरडा करते, आणि माझ्याकडे उजेड दिसला की नापास. "काय उजेड पाडलास, बघ जरा," हे माझं ठरलेलं वाक्य. पोरं मला पाठीमागे 'उजेड' म्हणतात, हेही मला माहीत आहे. मुख्याध्यापक सभेत "सर्वांनी गुण्यागोविंदाने राहावं" असं म्हणाले की विज्ञानाच्या बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणतात, "गुण्या हजर आहे, गोविंदाचं बघा."

आता कपाटाबद्दल सांगायला हवं. सांगताना मान वर होत नाही, पण सांगतो.

दहावीच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकाने एक जॉब करायचा असतो. जॉब म्हणजे लोखंडी पट्टीचे दोन तुकडे. एकाला खाच, दुसऱ्याला त्याच मापाची जीभ. एकात एक बसवले की फटीतून उजेड दिसता कामा नये. एका वर्षी पट्टीच आली नाही. मागणीपत्रावर सही व्हायची होती, सही करणारे रजेवर होते, आणि रजेवरून आले तेव्हा मागणीपत्र सापडेना. परीक्षा तोंडावर आलेली. मी आदल्या वर्षीच्या मुलांचे जॉब कपाटातून काढले, त्यांच्यावर पंच आणि हातोडीने ठोकलेले नंबर कानशीने घासून घालवले, नव्या मुलांचे नंबर ठोकले, तेलाचा हात फिरवला. सगळे पास. पुढच्या वर्षी पट्टी वेळेवर आली, पण तोवर मला सवय लागली होती. ती पट्टी शाळेच्या फाटकाला लागली, आणि उरलेली मुख्याध्यापकांच्या खिडकीच्या ग्रिलला.

दरवर्षी नंबर घासायचे म्हणजे दरवर्षी जॉब थोडा पातळ व्हायचा. ड्रॉइंगमध्ये जाडी सहा मिलिमीटर. सात-आठ वर्षांत आमचे जॉब साडेचारवर आले होते. कोणाला पत्ता नव्हता असं नाही. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या एका शाळेतले, आणि त्यांच्या शाळेत परीक्षक म्हणून मी जायचो. त्यांचंही कपाट होतं. अळीमिळी गुपचिळी. ते आमच्याकडे आले की कांदेपोहे, चहा आणि जाताना पोह्याच्या पापडांचं पाकीट. मी त्यांच्याकडे गेलो की सुकटीची पिशवी. कौशल्यशिक्षण असं आनंदात चाललं होतं.

त्या वर्षी जिते गावाहून येणारी एक मुलगी दहावीत होती. आजा मिठागरात राबलेला, बाप डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटदाराकडे वेल्डरचा हेल्पर. तिने टेक्निकल स्वतःहून मागून घेतलं होतं. मार्क चांगले असताना. वर्गशिक्षिका घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या होत्या, "सर, तुम्हीच समजवा तिला, पोर वाया जाईल." मी समजावलं नाही, कारण इतक्या वर्षांत मला मागून घेणारं कोणी भेटलं नव्हतं आणि मला ते आवडलं होतं.

तिला आयटीआयला जाऊन फिटर व्हायचं होतं. घरी बापाने अट घातली होती. ती तिने मला कानस मारता मारता, मान वर न करता सांगितली. "टेक्निकलला वर्गात पयली आले तर आयटीआय. नाय तं मामाच्या कारखान्यात." मामाचा पेणमध्येच गणपतींचा कारखाना. तिथे काम वाईट नाही, पण तिला ते नको होतं, आणि नको ते का नको हे तिला नीट माहीत होतं. "मूर्ती पावसात जाते सर," ती म्हणाली, "लोखंड रव्हते."

फेब्रुवारीत मी कपाट उघडलं आणि जॉब वाटले. पोरांचा हा आवडता दिवस. तिने आपला जॉब उलटसुलट करून बघितला.

"सर, ह्यो कोनाचा?"

"तुझाच. नंबर बघ."

"माझा कसा? मी कुठं घासलाय?"

वर्ग हसला. मीही हसलो, शिक्षक अडचणीत आला की हसतो तसं. तिने जॉब माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "माझा मीच करीन."

भंगारवाल्याकडून तिने पट्टीचा तुकडा आणला, सहा मिलिमीटरचा. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर ती लोखंड आवळून धरणाऱ्या व्हाइसला चिकटून असायची. मी बाजूला उभा. "पुढे ढकलताना दाब, मागे येताना हलकी." "उजवा हात जड पडतोय, कोपरा खाली जाईल." खरं सांगतो, मला मजा येत होती. इतक्या वर्षांनी मी शिकवत होतो. तळहाताला फोड आले तर तिने फडकं गुंडाळलं आणि चालू ठेवलं. शेवटी दोन्ही तुकडे एकात एक बसले. तिने ते खिडकीकडे धरले.

"उजेड हाय, सर. ह्या कोपऱ्यात."

"केसाएवढा आहे. चालतो."

"चालत नाय. तुमीच बोलता."

पण परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.

परीक्षकांनी सगळे जॉब टेबलावर ओळीने मांडले. तेलाने चकचकीत, एकासारखा एक. त्या ओळीत तिचा जॉब वर आलेला दिसत होता. परीक्षक थांबले. "हा एवढा जाड कसा?" त्यांनी खिशातून व्हर्नियर काढलं, माप घ्यायचं ते उपकरण. इतक्या वर्षांत मी ते त्यांच्या हातात पहिल्यांदाच बघितलं. तिचा जॉब मोजला, सहा. शेजारचा मोजला, साडेचार. त्याच्या शेजारचा, साडेचार. मग त्यांनी निकाल दिला. "बाकी सगळ्या मुलांचं माप सारखं आहे, हिचंच चुकलंय. आणि कोपऱ्यात उजेडही आहे."

मी टेबलावरचं तेल फडक्याने पुसू लागलो. बोलली ती. "सर, ड्रॉइंगात सहाच हाय."

परीक्षकांनी ड्रॉइंगकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की तिचं बरोबर आहे. तेवढं म्हटलं असतं तर माझं कपाट उघडलं असतं, त्यांचंही उघडलं असतं, आणि अख्ख्या वर्गाचं प्रात्यक्षिक पुन्हा घ्यावं लागलं असतं. मी आवाज चढवून म्हणालो, "परीक्षकांशी वाद घालायचा नसतो. खाली बस."

वर्कशॉपमध्ये बसायला बाकं नसतात. ती उभीच राहिली.

प्रात्यक्षिकात तिला वर्गात सगळ्यात कमी मार्क पडले. पहिला आला तो मुलगा वर्षभर कानस उलट्या बाजूने धरत होता. पापडांचं पाकीट घेताना परीक्षक मला म्हणाले, "मुलगी तोंडाळ आहे हो. हात मात्र चांगला आहे." मी मान डोलावली. जित्याला जाऊन तिच्या बापाला खरं काय ते सांगायला हवं होतं. पण माझी गाडी रोह्याकडे जाते आणि जितं पडतं उलट्या दिशेला. हे कारण मी सगळी सुट्टी वापरलं, आणि आयटीआयचे प्रवेश संपल्यावर त्याचीही गरज उरली नाही.

पावसाळ्यात मुख्याध्यापकांनी घरच्या गणपतीसाठी पाट करायला सांगितला. शाळेच्या लाकडाचा, हे सांगायला नको. मी तो एका दुपारी उरकला. फळी जरा वाकलेली होती, ते मला दिसलं होतं, पण रंगाखाली काय काय खपतं ते मला आता चांगलं माहीत आहे. शिपाई पाट कारखान्यात देऊन आला. तुमच्या पाटावर मूर्ती बसवून तयार ठेवतात, अशी पद्धत आहे. आमच्या रोह्याकडे या कारखान्याला गणपतीची शाळा म्हणतात.

गणपतीच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायला मुख्याध्यापक मला घेऊन गेले. त्यांची कंबर धरली होती, म्हणून ते गाडीतच बसले आणि मी आत गेलो. आत ती होती. कोपरापर्यंत रंग, शेजारी मूर्तींची रांग आणि हाताशी एक जुना गुण्या.

"सर, पाट तुमीच केलाय ना?"

"कसं ओळखलंस?"

"खाली उजेड होता. मूर्ती डुगडुगत होती. मी खालची पट्टी घासून सारखी केली. आता बघा."

तिने गुण्याची पट्टी पाटाच्या खालच्या कडेला लावली आणि मला वाकून बघायला लावलं. उजेड नव्हता. ती हे टोमणा मारून म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने मामाला हाक मारली. "मामा, हे आमचे सर. उजेड बघाया यांनीच शिकवलं."

मामाने हात जोडले. मला तिला सांगायचं होतं की तुझं माप बरोबर होतं, चूक माझी होती. मी म्हणालो, "छान. असंच मन लावून काम कर."

घरी मुख्याध्यापकांनी मूर्ती पाटासकट टेबलावर ठेवून घेतली, पाट दोन्ही हातांनी हलवून बघितला आणि सगळ्या घरासमोर माझी पाठ थोपटली. "वा, काय पाट केलाय तुम्ही सर. जरासुद्धा हलत नाही."

"थँक्यू, सर," मी म्हणालो.