उचललेला पाय

आमच्या गल्लीतल्या गणपतीपुढे यंदा उत्तर ध्रुवाचा देखावा आहे. कापसाच्या बर्फावर मोटरीवर हलणारं पांढरं अस्वल पुढचा पाय उचलतं, आणि समोर निळ्या कागदाचं पाणी असल्यामुळे परत मागे घेतं.

दर्शनाच्या रांगेत माझ्या मागे दोन काकांची जुंपली होती.

“अहो, अस्वलं वाढलीत म्हणतात.”

“काही ठिकाणी वाढली असतील. पण बर्फ कमी होतोय, त्याचं काय?”

दोघांचंही थोडं थोडं खरं असावं, आणि त्यामुळेच मला चैन पडेना. अस्वलं किती आहेत हे ठरेपर्यंत त्यांनी उभं कुठे राहायचं?

तेवढ्यात आरतीसाठी कोणीतरी मोटर बंद केली. दोघे काकाही टाळ्या वाजवू लागले. अस्वलाचा पाय मात्र वरच राहिला होता. आरती संपेपर्यंत मला मूर्तीकडे बघताच आलं नाही.