सही नाय नि आंगठा नाय

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. कंडक्टरने सुटे पैसे तिकिटामागे लिहून दिले, की ते मिळेपर्यंत मी त्याच्या शेजारून हलत नसे. शहापूरच्या ज्या शाळेत मी कारकून होते, तिथे मला पाठीमागे 'फौजदारीण' म्हणत. हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

नव्वदच्या दशकात आमच्या मुरबाड तालुक्यात जमिनीचे दलाल फिरायला लागले, तेव्हा माझ्या या स्वभावाला गावात एकदम किंमत आली. दलाल रेशनकार्डाच्या कामाला म्हणून म्हातारीचा अंगठा घेत आणि नंतर कळे की तो जमीन विकायच्या साठेखतावर होता. धसईच्या बाजूच्या आमच्या गावात आई एकटीच राहायची. बाबा गेलेले, मी शनिवारी संध्याकाळी यायची. म्हणून मी तिची तालीम घेतली. अक्षरशः तालीम. मी हातात वही घेऊन दाराबाहेर उभी राहायची, दलालाच्या आवाजात 'मावशी, जरा इथे सही' म्हणायची, आणि आई उंबऱ्यात येऊन सांगायची, "माझी पोरगी शहापूरला हाय. ती आल्याबिगर सही नाय नि आंगठा नाय."

पहिल्यांदा ती हसायची. मग हसेनाशी झाली. सरकारी माणूस असला तरी? सरकारी असला तरी. ओळखीचा असला तरी? ओळखीचा असला तर आधी नाही. पुढे आमच्या विहारात वंदनेनंतर बायकांना बसवून मी हा धडा सगळ्यांना दिला. पाठ मात्र आईसारखा कुणाचाच झाला नाही.

जमीन गहाण होती, ती बाबांनी टाकलेली. आयुष्यात एकदाच त्यांनी उडी मारली. पोल्ट्रीची शेड बांधली आणि त्यापायी कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला भाताची दोन्ही खाचरं रजिस्टर गहाणखताने लिहून दिली. दोन खेपा बऱ्या गेल्या. तिसरीत रोग आला, शेड रिकामी झाली, आणि दोनेक वर्षांत बाबाही गेले. व्यापारी भेटायला आला, चहा प्यायला, आणि पिता पिता वर आढ्याकडे बघत राहिला. मला तेव्हाच खटकलं. "पुढं कसं करायचं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आधी पूर्ण हिशोब दाखवा." तो म्हणाला, दुकानात या. मी म्हणाले, घरी आणा. ना तो आला, ना मी गेले. पुढे त्याचा निरोपही येईना, तेव्हा माझी खात्रीच पटली की बाबांनी बरंचसं फेडलं होतं आणि मी हिशोब मागितल्यावर शेठची बोबडी वळली.

खाचरं काका कसायचा, बाबांचा धाकटा भाऊ. निम्मं भात त्याचं, निम्मं आमचं. त्याच्यावरही माझी नजर असेच. भाताच्या गोणीच नव्हे, तो दारात टाकायचा ते पेंढ्याचे भारेसुद्धा मी मोजून घ्यायची. तो बाजूला उभा राहून तंबाखू मळत असायचा. त्यात कुणीतरी मला सांगितलं की म्हसा गावच्या बैलबाजाराच्या जत्रेत काका आणि तो व्यापारी एका बाकड्यावर चहा पीत होते. एवढं मला पुरे झालं.

असंच एका दुपारी काका शाळेत आला. धुतलेला सदरा, पायात चपला, कपाळावर घाम. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर मला उभी करून म्हणाला, "कोर्टाचा मानूस आलता गो. वयनीनं कागद घेतला नाय. तू एकदा मुरबाडला जाऊन ये."

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

"मला कोन पाठवील?"

"शेठने. मी मुरबाडला गेले की तिथे माझ्याकडून सही घ्यायची, असंच ठरलंय ना?"

शिपायाने आणलेल्या चहाला त्याने हात लावला नाही. "तुझं तू बघ," एवढं म्हणून तो गेला. त्या शनिवारी मी आईला विचारलं. ती म्हणाली, "आलता एकजन. तू शिकवलंस तसंच सांगितलं." तो शेठचाच माणूस असणार, असं धरून मी तिला शाबासकी दिली. दोघींनी मिळून तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली, आणि मी तिला काकाची नक्कल करून दाखवली.

पुढचं वर्ष सरलं. ऐन जत्रेच्या दिवसांत, निम्मं गाव म्हशाला गेलेलं असताना, आईला शेताच्या बाजूने ढोल ऐकू आला. तिला वाटलं, जत्रेतून कुणी नवा बैल वाजतगाजत घेऊन आलं. जाऊन बघते तर दोन माणसं दवंडी देऊन बांधावरच्या आंब्याला कागद चिकटवत होती. गहाणाचा हुकूम, जमिनीचा जाहीर लिलाव. तिने दुकानातून मला फोन लावला.

मी तो कागद तिथे उभ्याउभ्या तीनदा वाचला. 'एकतर्फी' या शब्दाशी माझं बोट थांबलं. आम्हाला न कळवता दावा चालला होता. म्हणजे आमच्या नावाचं समन्स दुसऱ्याच कुणीतरी घेतलं होतं, आणि ते कुणी घेतलं हे मला सांगायची गरज नव्हती. राग आला होता, पण आत कुठेतरी समाधानही होतं. अखेर माझंच खरं निघालं होतं.

दोन दिवसांनी आईला घेऊन मी मुरबाडच्या कोर्टात गेले. वकील वयस्कर होते. मी त्यांना म्हटलं, "घरात समन्स आलंच नाही, आई शपथेवर सांगेल. सही काकाची असणार." त्यांनी अर्ज करून फाइल काढली. आई व्हरांड्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

समन्स घेऊन आलेल्या कोर्टाच्या माणसाचा, बेलिफाचा, अहवाल निघाला. खाली पंच म्हणून सही होती, काकाची. मी तिच्यावर बोट ठेवलं. "हे बघा."

"वरचं वाचा आधी," वकील म्हणाले.

वर लिहिलं होतं: 'सदर बाईंस समन्स देऊ केले असता, माझी मुलगी शहापूर येथे आहे, ती आल्याशिवाय सही नाही व अंगठा नाही, असे सांगून त्यांनी समन्स घेण्यास नकार दिला. दीर यांनी समजावून सांगूनही ऐकले नाही.'

वाक्य माझंच होतं. बेलिफाने फक्त ते शुद्ध केलं होतं.

वकील सांगत होते. नकार दिला की समन्स मिळालंच असं धरतात. कोर्टाने पैसे भरायला सहा महिने दिले होते, ते कधीच संपले. तेवढ्या मुदतीत शाळेच्या पतपेढीतून मला कर्ज निघालं असतं. हुकूम फिरवायला अर्ज करू, पण फारशी आशा धरू नका. मला लाज वाटत होती, इतकी की वकिलांकडे बघवेना.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय निघालं?" मी तिला ती ओळ वाचून दाखवली. दुसरं काय करणार होते? ती मान हलवत ऐकत होती, आणि तिचा चेहरा उजळत गेला.

"असंच बोलले मी. भावजी सांगत व्हते घ्या घ्या, तरी नाय घेतला. एक शब्द हिकडचा तिकडं केला नाय." मग तिने माझा हात धरला. "त्यांनी लिवून ठेवलंय ना तसं? मंग आता सुटल ना गो जमीन?"

अर्ज फेटाळला गेला. लिलाव झाला आणि जमीन गेली. ताबा द्यायच्या आदल्या दिवशी काकाने खाचरातला उरलेला पेंढा उचलला आणि नेहमीसारखे निम्मे भारे आमच्या दारात आणून टाकले. मग तो बाजूला होऊन तंबाखू मळत उभा राहिला, मी मोजायची वाट बघत. मी त्याला म्हटलं, "काका, घरात या." तो म्हणाला, "आधी मोजून घे."