विरोधाचा एक हात

कल्पना करा, तुमच्या पाड्यावर पाणी येणार आहे. पाणी आलं तर रब्बीला गहू-हरभरा होईल, आणि दिवाळीनंतर मुलगा-सून ऊसतोडीला गुजरातेत जाणार नाहीत. आता त्याच पाण्याच्या सभेत तुम्हाला विरोधात हात वर करायचा आहे. करून बघा. हात जड होतो.

भुरीबाईंना हेच करायला सांगितलं गेलं.

धडगावच्या वरच्या अंगाला, सातपुड्यात त्यांचा पाडा. साठी ओलांडलेल्या या पावरा आदिवासी बाईला कुणी काही फुकट देऊ लागलं की ती दोन पावलं मागे सरते. मी टाकीच्या कामावर इंजिनिअर म्हणून पहिल्यांदा गेलो, तेव्हा सिमेंटच्या गोणीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं होतं, "हे परत न्यायला कोण येणार?"

पैसा एका परदेशी सरकारचा होता. टाकी झाली. सौर पंप आणि पाइपलाइनचा हप्ता अटींवर अडला. गावाचं उत्पन्न वाढेल असं दिसायला हवं होतं, आणि गावचा कारभार चांगला हवा होता. उत्पन्नाचा आराखडा मंजूर झाला. कारभारात आम्ही नापास होत होतो, कारण आजवरच्या एकाही सभेत विरोध नोंदलेला नव्हता. तपासणाऱ्यांचं म्हणणं, इथले लोक दबून असावेत.

योजना राबवणाऱ्या संस्थेचा भूपेश शहाद्याकडचा. तपासणीच्या आदल्या दिवशी तो भुरीबाईंच्या ओसरीवर बसला आणि त्याच्या अहिराणीत म्हणाला, "माय, फक्त एक हात वर करना शे. तुन्हा काय जाई ऱ्हायनं?"

भुरीबाई ज्वारी पाखडत राहिल्या. "मला तर पाणी पाहिजे."

"विरोध दिसी तरच पाणी मिळी."

"बायकोलाही असंच सांगितलं होतंस का? आधी नको म्हण, मग लग्न करू?"

चुलीपाशी सून रुपा हसली. तिच्याकडे एकदा बघून भुरीबाई कबूल झाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सभा भरली. दोन परदेशी पाहुणे, सोबत दुभाष्या. गावचे कारभारी उदेसिंग, भुरीबाईंचे चुलत दीर, यांनी उभं राहून विचारलं, पंप बसवायचा का? भुरीबाईंनी विरोधात हात वर केला. पाहुण्यांचे चेहरे खुलले. भूपेशनं सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि उदेसिंग परत खाली बसले. सगळं गाव बसून राहिलं.

पाड्यावर डोकी मोजत नाहीत. एकाला पटलं नाही तर त्याचं समाधान होईपर्यंत सगळे बसतात. याआधीच्या सभाही अशाच लांबल्या होत्या. आमच्या कागदावर फक्त शेवट आला होता.

"बोला भाभी," उदेसिंग म्हणाले. "काय खटकतंय?"

भूपेश मागून खुणा करत होता, बसून घ्या. खरं सांगितलं असतं तर हप्ता गेला असता. भुरीबाईंनी टाकीकडे बघितलं. मग मनात कालपासून होतं तेच त्या बोलल्या. "पाणी देणाऱ्याला आमच्यात विरोध कशाला लागतो? पाणी आल्यावर हे काय मागतील?"

दुभाष्यानं किती सांगितलं कोण जाणे. पाहुणे हसून माना डोलावत होते. गावात कुणी हसलं नाही. उत्तर येईपर्यंत थांबायचं ठरलं.

आम्हाला कारभारात पूर्ण गुण मिळाले. हप्ता आला, पंप आला. तो धडगावच्या गोदामात पडून आहे. उत्तर आल्याशिवाय गाव तो वर चढवू देत नाही.

दिवाळी झाली. ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी आली त्या सकाळी रुपा गाठोडं बांधत होती. मी म्हणालो, "आजी, तुमचं समाधान झालं म्हणा. पंप लगेच चढवतो."

"हात भूपेशनं वर करायला लावला," त्या म्हणाल्या. "पण विचारलं ते मीच."

पैसे देणाऱ्यांना मी दोनदा लिहून तिचा प्रश्न विचारला. उत्तरात त्या सभेचे आणखी फोटो मागवलेत.

गाडी घाट उतरून दिसेनाशी झाली. भुरीबाई तिकडेच बघत होत्या.

"तू शिकलेला आहेस," त्या म्हणाल्या. "तूच सांग. काय मागतील?"