मण्यांवरचा नऊचा पाढा

शाळेत खडूची भुकटी आणि किस्से, दोन्ही आपोआप साचतात. भुकटी झाडता तरी येते. किस्से मात्र दोन मास्तर चहाला बसले, की पुन्हा उडायला लागतात!

शहाद्याकडच्या आमच्या शाळेतले निम्मे किस्से मणीचौकटीचे. लाकडी चौकट, दहा तारा, प्रत्येक तारेवर दहा मणी. घोकंपट्टी बंद करा आणि यावर गुणाकार शिकवा, असा वरून हुकूम आला. आमचे दगडू मास्तर तेव्हा हंगामी होते. शाळा तपासायला येणारे दिपोटीसाहेब मुलांचा मण्यांवरचा गुणाकार पाहून त्यांना कायम करणार होते. आणि कायम झाल्याशिवाय लोणखेड्याचे पाटील त्यांना मुलगी देणार नव्हते!

* * *

चौकट आली त्याच दिवशी हेडमास्तरांनी ती कपाटात घालून कुलूप लावलं.

"सरकारी मणी आहेत, झिजतील!"

मग दगडू मास्तर फळ्यावर खडूने मणी काढायचे. मणी सरकवायचा म्हणजे इथला पुसायचा आणि तिथे नवा काढायचा. तीन चोक होईपर्यंत घंटा व्हायची. हेडमास्तर म्हणाले, "बघा, एकही मणी झिजला नाही!"

* * *

दसऱ्याला चौकट एकदाची बाहेर निघाली, ती पूजेला. मुलांनी हळद-कुंकू वाहिलं, वर गूळपाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी मणी हलेनात. दगडू मास्तर ओलं फडकं घेऊन धावले, तर हेडमास्तर आडवे आले.

"पूजेला मांडलेलं हलवायचं नसतं. उत्तरपूजा होईपर्यंत गुणाकार बंद!"

* * *

पुढे मुलं खरोखर मणी सरकवायला लागली. एका मुलाचे वडील खिडकीतून बराच वेळ बघत होते.

"मास्तर, पोरं दिनभर मणी सरकाई ऱ्हायनात. ही शाळा शे का मठ?"

* * *

शेवटी दिपोटीसाहेब आले. पहिल्याच रांगेतल्या सखूला विचारलं, "नऊ साते?"

"त्रेसष्ट!"

"हे पाठांतर झालं. अर्थ कळला का? बघा!" म्हणत साहेबांनी स्वतःच चौकट ओढली. सात तारांवर नऊ-नऊ मणी सरकवले. एका तारेवर आठच सरकले, ते त्यांना दिसलं नाही. मोजून म्हणाले, "बासष्ट!"

मुलं दगडू मास्तरांकडे बघायला लागली. हेडमास्तर पुढे झाले.

"पोरांनो, साहेबांनी केले म्हणजे बासष्टच! म्हणा!"

"नऊ साते बासष्ट!" वर्ग ओरडला.

साहेब खूश झाले. शेरा लिहायला त्यांनी टाक दौतीत बुडवला. तेवढ्यात सखू उभी राहिली.

"गुर्जी, मंग नऊ आठे कितलं?"

दगडू मास्तर टाकावरची नजर न काढता पुटपुटले,

"खाले बस, माय! नऊ आठे मी कायम झायनू का मंग करूत!"