कप्तानाच्या कपाळावरचं कुंकू

नोकरीसाठी परवाच बसवनगुडीत राहायला आले. शेजारच्या कानडी अक्कांनी चहाला बोलावलं. त्यांच्या रेशमी पातळाला डांबरगोळ्यांचा वास येत होता, आणि त्या वासासरशी मी आठ वर्षांची झाले.

डच लोक पहिल्यांदा आपल्या किनाऱ्यावर उतरले, त्याचं कोकणातल्या एका आडगावी दोन खोल्यांचं संग्रहालय होतं. मला ते दाखवायला आणलेले बाबा बाहेरच्या खोलीत गेले आणि राखणदाराने सवयीने आतला दिवा मालवला. अंधारात राहिलो मी आणि डच कप्तानाचा माणसाएवढा पुतळा. त्याच्या डगल्याला हाच वास. फटीतल्या उजेडात त्याचे वटारलेले काचेचे डोळे दिसले, आणि कपाळावरून नाकापर्यंत आलेला लाल ओघळ. मी भिंतीला चिकटले.

दिवा लागला. "रगात नाय गो ता, कुकू," राखणदार हसला. "गावच्या बायो लावतत. पावणो मा तो!"

तरी ते डोळे कित्येक दिवस माझ्यामागे होते.

निघताना अक्का म्हणाल्या, "स्वल्प थांब गं, कुंकू लावते." परक्या शहरात, परक्या उंबरठ्यावर मी कपाळ पुढे करून ताठ उभी राहिले. समोरच्या आरशात माझे डोळे दिसले, थेट कप्तानासारखे.

त्या अंधाऱ्या खोलीत घाबरलेले आम्ही दोघं होतो.